मात्रेच्या जरा मागे

थिओफिल रणपिसे, माझा धाकटा मामा,
दिवसा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा मोजायचा
आणि शनिवारी रात्री देवळाली कॅम्पात जॅझ वाजवायचा.
मामी म्हणायची, दोन्हीकडे हाताला काही लागत नाही.

प्रेसच्या गेटवर रोज झडती.
खिसे, बूट, डब्याचं झाकण, डब्यातली भाकरीसुद्धा.
शनिवारी कमरेला खोचलेल्या दोन काड्या निघायच्या.
नव्या शिपायाने विचारलं, हे काय?
मामाने गेटच्याच पत्र्यावर असं काही वाजवलं
की मागची रांग थांबली
आणि भोंगा झाला तरी हलली नाही.
मेमो मिळाला. तो त्याने ट्रंकेत जपून ठेवला,
बाप्तिस्म्याच्या दाखल्याखाली.

मी तेव्हा अकरा वर्षांचा.
बास ड्रम सायकलच्या कॅरिअरला बांधलेला,
तो हॅन्डल धरून चालायचा, मी मागून ड्रम धरून,
विहितगाव, वालदेवीचा पूल, मग लॅम रोडचा अंधार.
खड्डा आला की ड्रम आतून हुं करायचा,
म्हातारं माणूस झोपेत कूस बदलताना करतं तसं.

क्लबात मला आत घेत नसत.
मी मुदपाकाच्या दारात, उपड्या बादलीवर.
पियानोवर सॅनेटोरियममधली फ्रेनी मिस्त्री.
खोकल्याची उबळ आली की ती दोन मात्रा सोडायची,
मामा त्या दोन मात्रा ब्रशने झाकायचा, हलकेच,
उघड्या पायांवर कुणी पांघरूण सारावं तशा.
मेजर लोकांना वाटायचं, हे असंच बसवलंय.

ब्रश कुठे शिकलास, मी विचारलं होतं.
म्हणाला, आईकडे.
सुपात तांदूळ पाखडताना ती मधेच थांबायची,
खडा दिसला की.
मी त्या थांबण्याकडे बघत बसायचो.

बाहेरची झांज परवडणारी नव्हती.
तांबट आळीतल्या रघोबा पोटफोडेनं कांसं ठोकून दिलं:
तीनदा चिरलं, चौथ्यांदा बोललं.
एका कडेला देवळातली घंटा,
दुसऱ्या कडेला पातेल्याचं झाकण.
रघोबा ओशाळला. मामा म्हणाला, असू दे,
दोन्ही लागतात.

एकदा मुंबईच्या हॉटेलने बोलावलं.
सहा महिन्यांचा करार, नवा सूट, स्टेशनवर आम्ही सगळे.
नवव्या दिवशी तो परत आला.
मामी सांगते, पाणी बाधलं.
फ्रेनी म्हणाली होती,
तिथे त्याला घाई करायला सांगितलं असणार.
तो स्वतः काहीच बोलला नाही.
सूट मोठ्या भावाच्या लग्नात भावालाच दिला.

मग फ्रेनी गेली. पाऊण महिना पियानो बंद,
आणि एका शनिवारी आम्ही पोचलो तर
त्याच्या जागेवर टेपरेकॉर्डर.
येताना ड्रम जड लागला. कदाचित चढ असेल.
पुढे लग्नांच्या बँडात साइड ड्रम,
लाल कोट, बाह्या बोटांवर येणाऱ्या.
वरातीत सगळे नाचत, त्याला मात्र चालत वाजवता येत नसे,
म्हणून तो कायम वरातीच्या थोडा मागे राही.

शेवटी शेवटी डावा हात थरथरायचा.
म्हणे, चला, हा तरी अजून रियाज करतोय.

गोदाकाठी पोरांच्या पथकाचा सराव चाले, साठ ढोल.
मामा कानाचं मशीन काढून खिशात टाकी
आणि पोटाने ऐके.
एकदा एका पोराला जवळ बोलावून म्हणाला,
बाळा, सगळे वाजवतात ना तिथे, एकदाच वाजवू नकोस.
पोरगं हसलं.
पुढच्या आवर्तनात त्याने टिपरू उचललं, डोक्याच्या वर,
आणि खाली आणलंच नाही.

झांज आता माझ्याकडे आहे, माळ्यावर, गोणपाटात.
बायको म्हणते, काढून टाका,
कांशाला सध्या चांगला भाव आहे.
मी हो म्हणतो.
पण जरा उशिरा.